आराखड्यात नसलेला कठडा

गोदीतून निवृत्त झालेल्या वेल्डरकाकांनी दोन वर्षे खपून विमानवाहू नौकेची हातभर लांबीची प्रतिकृती उभी केली. खोक्यात आलेल्या सुट्या भागांवर मात्र त्यांचे समाधान झाले नाही. डेकच्या मागच्या कोपऱ्यावरचा नखाएवढा कठडा त्यांनी तांब्याची तार वाकवून स्वतः घडवला. "तेवढ्या वेळात मोरीचा गळका नळ तरी दुरुस्त झाला असता," असा घरचा आहेर काकूंनी दिलाच.

प्रदर्शनात परीक्षकांनी भिंग लावून पाहिले. "काका, कामाला तोड नाही. पण खऱ्या नौकेच्या आराखड्यात इथे कठडाच नाही. तेवढा काढा, पहिला क्रमांक तुमचा."

"काढा की हो," काकू कुजबुजल्या. "तारेचा तुकडा तर आहे."

काकांनी खिशातून चिमटा काढला, एकवार कठड्याकडे पाहिले आणि चिमटा पुन्हा खिशात ठेवला.

"खऱ्या जहाजाच्या त्या कोपऱ्यावरून माझा गोदीतला जोडीदार पडून दगावला, त्याच्या दुसऱ्या दिवशी हा कठडा मीच जोडला. आमचे साहेबही हेच म्हणाले होते, 'आराखड्यात नाही, काढून टाक.'



जहाज भंगारात गेलं, तोवर कठडा जागचा हलला नव्हता."