बरोबरीत सुटलेली फायनल

एकोणीसशे चौऱ्याहत्तर सालच्या हिवाळ्यात, एका बुधवारी संध्याकाळी, औषधवाल्याने रेडिओ बंद केला आणि काउंटरवर दोन्ही हात टेकले.

"संपलं, वहिनी. हिरव्या पट्टेवाल्यांनी चार गोल घातले."

काजंवाली बाकावर बसली होती. मांडीवर गिऱ्हाइकाचा कोट, बोटात सुई. "आणि आपण?"

"शून्य. आधीच्या सामन्यात इथे दोन मारले होते, तेही वाया गेले. आपण बाद."

"म्हणजे पुढचा सामना नाही?"

"कसला पुढचा! आता पुढच्या वर्षी."

तिने सुई कोटाच्या कॉलरला खोचून ठेवली.

दुकानाच्या वरच्या खोलीत ती राहायची आणि शिंप्यांना काजं करून द्यायची. नवरा होता तोवर फुटबॉल ही त्या घरातली बापलेकांची भाषा होती. शहराचा क्लब खंडाच्या चषकात उतरला की दोघं ताटावर बसून हात वाळेपर्यंत बोलायचे. तिला त्यातलं ओ की ठो कळत नसे. नवरा गेला. मुलगा जहाजावर इंजिनाच्या खोलीत कामाला लागला. त्याचा पहिला फोन या दुकानातच आला, कारण फोन इथेच होता. जेवलास का, थंडी आहे का, एवढं झालं आणि दोघंही गप्प. मग तोच म्हणाला, "क्लबचं काय झालं गं?" औषधवाल्याने बोटांनी गोल दाखवले, तिने ते आकडे सांगितले, आणि बोलणं चांगलं पाच मिनिटं चाललं.

तेव्हापासून सामन्याच्या बुधवारी फोन यायचा. आधीच्या वर्षी क्लब पहिल्याच फेरीत गारद झाला, तर पुढचा हंगाम उजाडेपर्यंत फोन वाजला नव्हता.

आता तो वाजला.

"आई, मी." आवाज घोगरा आणि जड होता. मागे भोंगे, गाणी, आरडाओरडा.

"तोंडात काय आहे रे?"

"पाव."

"आणि हा गोंधळ कसला?"

"बंदरावरची माणसं. प्यायलीत. काय झालं क्लबचं?"

तिने औषधवाल्याकडे पाठ केली. "एक गोल खाल्ला. पण आपले आधीचे दोन होते ना. गेलो पुढे."

तिकडे पुन्हा एक भोंगा वाजला.

"गेलो पुढे?"

"हो."

"बरं," तो म्हणाला. "मग पुढच्या सामन्याला करतो फोन."

तिने फोन ठेवला तेव्हा औषधवाला तिच्याकडे बघत होता. "वहिनी, उद्या पेपरात वाचेल तो."

"तिथली भाषा कुठे येते त्याला?"

"जहाजावर कोणीतरी सांगेल."

"आपल्या क्लबला बाहेर विचारतं कोण?"

औषधवाल्याला ते थोडं लागलं.

मार्चमध्ये उपांत्यपूर्व फेरी आली. इतरांचे सामने होत होतेच, त्याच बुधवारी फोनवर तीही क्लबला खेळवू लागली. औषधवाला आधी तोंड फिरवून बाटल्या पुसायचा. मग हळूहळू त्याला राहवेना.

"गोल कोणी मारला?" मुलाने विचारलं.

तिला एकच नंबर ठाऊक होता, नवऱ्याच्या आवडत्या खेळाडूचा. "तीन नंबरने. दोन्ही."

औषधवाल्याने कपाळावर हात मारला.

"तीन नंबर? अगं, तो मागे खेळतो."

"धावत गेला."

"एवढ्या लांब?" मुलगा म्हणाला. "दमला असेल बिचारा."

मग तो स्वतःचंच सांगत बसला. इंजिनाच्या खोलीत शर्ट कसा पाठीला चिकटतो, कुक कसा रडत रडत कांदा चिरतो आणि आपण विरहात आहोत म्हणून सांगतो. ती हसली. औषधवाल्याने शटर अर्धं ओढलं, पण तिला उठवलं नाही.

उपांत्य फेरीत क्लब पेनल्टीवर सुटला. ती कल्पना औषधवाल्याची.

फायनल जवळ आली तसं तिचं कामातलं लक्ष उडालं. एका कोटाची काजं तिने उलट्या बाजूला केली आणि शिंप्याची बोलणी खाल्ली. जिंकवलं काय, हरवलं काय, फायनलपुढे बुधवार नव्हताच.

"काय झालं?" मुलाने विचारलं.

"एक-एक. बरोबरी."

"आणि जादा वेळेत?"

"त्यातही बरोबरी. परत खेळणार म्हणे. शुक्रवारी."

तिकडून हसल्यासारखा, की खोकल्यासारखा, आवाज आला. "शुक्रवारी, मग."

"वहिनी," औषधवाला नंतर म्हणाला, "अशी किती वेळा खेळवणार?"

शुक्रवारी क्लब जिंकला. तीन नंबरने चषक उचलला. फोन ठेवून ती बाकावर बसून राहिली. औषधवाल्याने उगाचच तिला खोकल्याची गोळी दिली आणि तिने ती चघळली.

मुलगा उन्हाळ्यात घरी आला. पुढचा एक दात अर्धा तुटलेला. "शिडीवरून पडलो," म्हणाला. गल्लीत कोणी चषकाचं बोलेल म्हणून ती आठवडाभर धास्तावून होती. त्याने विषय काढला नाही, मग तिनेही नाही. तो परत जहाजावर गेलाच नाही. इथल्याच एका कारखान्यात लागला.

पुढे औषधवाला दुकान पुतण्याला देऊन लेकीकडे राहायला गेला. घरोघरी फोन आले, तेव्हाही तिला फोन करताना तो आधी "स्कोअर काय?" असंच विचारायचा. क्लब खालच्या गटात घसरला आणि मग मोडला. त्या मैदानावर आता जुन्या गाड्या विकतात. मुलाचं लग्न झालं. काजंवालीची नजर अधू झाली, तशी सून तिला सुईत दोरा ओवून देऊ लागली.

एका दुपारी सून दोरा ओवता ओवता म्हणाली, "हे आज दाताला टोपी बसवायला गेलेत. इतक्या वर्षांनी सुचलं."

"शिडीवरून पडला होता तेव्हा."

"शिडी कसली, आई!" सून हसली. "सामना बघायला गेले होते, तिथे परदेशात. गोलच्या मागेच उभे होते. हिरव्या पट्टेवाल्यांनी चौथा गोल घातला, लोक उड्या मारायला लागले, आणि कोणाचं तरी कोपर बसलं तोंडावर."