ओरखडा

डेट्रॉइटच्या त्या रेकॉर्ड क्लबात दर रविवारी एकानं आपला लाडका अल्बम सगळ्यांना ऐकवायचा. आज नव्यानं आलेल्या डॅरिलची पाळी होती. गेल्या रविवारच्या जॅझवर मात करायची म्हणून त्यानं चर्चमधल्या गॉस्पेल भजनांची जुनी तबकडी आणली.

"माझ्या आजीची आहे," त्यानं सांगितलं.

ओळखीचं भजन लागताच सगळे सोबत गाऊ लागले. मध्येच सुई उडाली, एक ओळ गळाली आणि सगळे अडखळले. म्हातारा वेंडेल तेवढा ती ओळ गाळून बिनचूक पुढे गेला.

डॅरिलनं सुई उचलली. "काका, तुम्हाला कसं कळलं?"

"तो ओरखडा माझ्या बायकोच्या अंगठीचा," वेंडेल म्हणाला. "वीस वर्षं रोज ऐकलाय, आमच्या घराचं कुलूप कुणी फोडेपर्यंत. आजी बरी आहे ना तुझी?"