मोकळी फ्रीक्वेन्सी

"बद्री, मी दादा बोलतोय. ऐकू येतंय का रे?" नानासाहेबांनी माइकचं बटण सोडलं आणि रेडिओ सेटकडं कान लावला. काहीच आलं नाही.

"सगळे कसे चिडीचूप बसलेत बघ," ते बायकोला, द्वारकाबाईंना म्हणाले. "काल सगळ्या हॅम मंडळींना सांगितलं होतं, रविवारी संध्याकाळी साडेसहाला ही फ्रीक्वेन्सी मला मोकळी सोडा. शब्द पाळला गड्यांनी."

उस्मानपुऱ्यातल्या त्या माडीवर दोन वर्षांपूर्वीही ते याच खुर्चीत बसले होते. आई गेल्याची तार धाकट्या भावाला आसामात उशिरा पोचली. बद्रीनाथ पाचव्या दिवशी घरी आला. तेव्हा नानासाहेब काही बोलले नाहीत. बोलले ते महिन्याभरानं, रेडिओवर, देशभरातले दहा-बारा हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले, ऐकत असताना. "तुला आई नव्हतीच," म्हणाले. त्या दिवसापासून बद्रीनाथ बोलायचा बंद झाला. चारचौघांत टाकून बोललो, तर माफीही चारचौघांतच मागायची, असं आता म्हाताऱ्यानं ठरवलं होतं. द्वारकाबाईंनी रजिस्टर पत्र टाकून दिराला दिवस आणि वेळ कळवली होती.

नवा सेट ताकदीनं बेताचा. आवाज आसामपर्यंत खणखणीत जावा म्हणून नानासाहेबांनी जुना, व्हॉल्व्हचा अँप्लिफायर पैदा केला होता. बटण दाबलं की सेटनं त्यालाही बोलण्याच्या बाजूला वळवायचं, सोडलं की ऐकण्याच्या बाजूला आणायचं, एवढंच काम एका तारेचं. ती त्यांनी थेट जोडून टाकली. रेडिओ दुरुस्त करणारा करमाडचा सांडू म्हणाला होता, "साहेब, मधी येक दुसरा रिले, म्हंजी दणकट पत्तीचा खटका, टाका. ह्या धुडाचा करंट तुमच्या सेटातल्या नाजूक पत्तीला झेपायचा नाय. चिकटून बसंल."

"तीस वर्षं बिनतारी खात्यात काढली मी. आता तू शिकवतोस व्हय?" ऐकून घेणं हा नानासाहेबांचा प्रांतच नव्हता.

त्यांनी पुन्हा बटण दाबलं. मीटरचा काटा ऐटीत वर गेला. "बद्री, चुकलं माझं. आईचं नाव घेऊन तुला तसं बोलायला नको होतं. सगळ्यांसमोर सांगतो, माफ कर. घरी ये." आयुष्यात पहिल्यांदा हे शब्द त्यांच्या तोंडून निघाले होते. त्यांनी बटण सोडलं आणि कान लावला.

उत्तर आलं नाही. पाच मिनिटं थांबून त्यांनी परत हाक मारली. मग परत.

"अहो, पत्र मिळालं नसंल त्यांना," द्वारकाबाई म्हणाल्या.

"मिळालंय. पोचपावती आली की."

सात वाजले. मघाशी कौतुकाची वाटलेली शांतता आता टोचायला लागली. एवढे परके लोक शब्दाखातर गप्प बसलेत, आणि सख्खा भाऊ सगळं ऐकूनही तोंड उघडत नाही! नानासाहेबांच्या डोक्यात तिडीक गेली.

"ठीक आहे," ते माइकमध्ये म्हणाले. "आई गेली तेव्हा वेळेवर आला नाहीस. मी गेल्यावर तर येऊच नकोस."

द्वारकाबाई "अहो!" म्हणेपर्यंत ते बोलून मोकळे झाले होते. त्यांनी अँप्लिफायरची कळ फटकन बंद केली.

त्यासरशी सेटमधून खरखर उसळली. आभाळाची ती खरखर कुणाच्या शब्दाखातर थांबत नसते, हे नानासाहेबांना तेव्हा आठवलं. सेटातली पत्ती पहिल्याच हाकेला चिकटली होती आणि अँप्लिफायर बोलण्याच्याच बाजूला अडकून राहिला होता. अर्धा तास त्यांचा आवाज सगळीकडे जात होता आणि त्यांच्यापर्यंत कुणाचाच येत नव्हता.

खरखरीतून नागपूरच्या हॅम मित्राचा, काकासाहेबांचा, ओरडून बसलेला आवाज आला. "नानासाहेब, अहो किती ओरडलो आम्ही! तुमच्या पहिल्या हाकेपासून बद्रीनाथ उत्तर देत होते. ‘दादा, तुम्ही कशाला माफी मागता, मी उद्याच्याच गाडीनं निघतो,’ म्हणत रडत होते हो ते."

नानासाहेबांनी बटण दाबलं. "आहे का तो? अजून आहे का?"

"नाही. तुमचं शेवटचं वाक्य ऐकलं, ‘बरं, दादा,’ एवढंच म्हणाले आणि सेट बंद केला."