डब्याचं फडकं

"पिशवी? ती केव्हाच पोचली गो. आज तुझ्या बाबांनीच घेतली," बसचा कंडक्टर सगुण संजनाला फोनवर म्हणाला.

दर सोमवारी सर्वणच्या घरून आईच्या हातचा डबा सगुणच्या बसनं पणजीला यायचा. मंगळवारी सकाळी रिकामा डबा त्याच बसनं परत जायचा. विद्यापीठाच्या आधार कक्षातून आणलेला कागद वसतिगृहातल्या मुलींना दिसू नये म्हणून संजनानं डब्याच्या फडक्यात लपवला होता, आणि आज घाईघाईत त्याच फडक्यात डबा बांधून घरी धाडला. अती शहाणपणा नडतो, तो असा! कागदावर छापलं होतं : मुलीला मुलगी आवडणं हा आजार नाही. बोलायला या. नाव गुप्त राहील. त्याखाली तिथल्या बाईंनी पेनानं लिहिलं होतं : संजना, गुरुवार, अकरा वाजता.

आईला सावध करायचं तरी कसं? घरात फोन एकच, तो बाबांच्या खिशात. आणि ते कामाला होते ती खाण बंद पडल्यापासून ते दिवसभर घरीच. भजी बांधून आलेला कागदसुद्धा ते उलटसुलट वाचून काढायचे.

मिळेल ती बस धरून ती निघाली. डिचोली येईपर्यंत तिच्या डोळ्यांपुढे सगळं उभं राहिलं होतं. शिक्षण बंद करतील. मामाकडे नेऊन ठेवतील. महिन्याभरात कुणाच्या तरी गळ्यात बांधतील, आणि वर म्हणतील, तुझ्या भल्यासाठीच केलं.

बाबा सोप्यावर बसले होते. त्यांच्या हातात कागद होता.

संजना तुळशीपाशीच थांबली. देवा, आता काय!

"अवचित कशी आलीस गो?" त्यांनी कागद खाली केला. "हे बघ, मोप्याच्या विमानतळाचं छापलंय. दोन वर्षांमागचं." केळी बांधून आलेलं जुनं वर्तमानपत्र होतं ते.

"पुस्तक राहिलं होतं," असं काहीतरी पुटपुटून ती आत पळाली.

आई खाली बसून नारळ खवत होती. तिनं मान वर केली नाही.

"आई, फडक्यात एक कागद..."

"चुलीत घातला."

"काय घातलं चुलीत?" सोप्यावरून बाबांचा आवाज आला.

"सोडणं! नारळाची सोडणं!" आई ओरडली. तिच्या धक्क्यानं खवलेलं खोबरं ताटाबाहेर सांडलं.

बाहेर वर्तमानपत्र पुन्हा सळसळलं, तशी आई उठली. फळीवरची मिठाची बरणी तिनं खाली घेतली. त्या घरात बाप्यामाणसांनी मिठाच्या बरणीला कधी हात लावला नव्हता. मिठात बोटं खुपसून तिनं कागदाचा एक चिटोरा काढला आणि संजनाच्या मुठीत कोंबला. त्यावर फक्त कक्षाचा फोन नंबर होता.

"एवढा फाडून ठेवला," आई कुजबुजली. "पाठ कर, आणि हा पण चुलीत टाक. घरात राहता कामा नये."

"आणि विसरले तर?"

आईनं दाराकडे एकदा पाहून घेतलं.

"मला विचार. माझा पाठ झालाय."