दहा वॅट

सेमेरू ज्वालामुखीचा माथा काळ्या ढगात गेला, तेव्हा खाली कालीसात नदीच्या कोरड्या पात्रात चाळीस माणसं ट्रकांत वाळू भरत होती. गावप्रमुख वारदोयो, सगळ्यांचे 'बापाक', हौशी रेडिओ केंद्रातला माइक सोडायला तयार नव्हते.

"पात्र सोडा! लगेच वर या!"

एका ट्रकमधून उत्तर आलं, "ढगाला भिऊन अर्धा ट्रक न्यायचा का, बापाक? पोनिमानने पाणी पाहिलंय का, तेवढं सांगा."

पोनिमान डोंगरावरच्या चौकीत होता, हातात दोन वॅटचा छोटा संच. त्याचं बोलणं मशिदीजवळची रुमियाती शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर ऐकायची आणि इथे कळवायची.

"यांना नीट ऐकू जात नाहीये," म्हणत वारदोयोंनी संचाचं बटण दहावरून पन्नासवर फिरवलं आणि पुन्हा ओरडायला लागले. संचाचा जोर वाढवणाऱ्या ॲम्प्लिफायरचा काटा तीनशे वॅटच्या पुढे गेला.

ते श्वास घ्यायला थांबले, तेवढ्यात रुमियाती मध्ये घुसली. "कोण बोंबलतंय तिथे? तुम्ही बोललात की माझा दुसरा संच नुसता खरखरतो. पोनिमान काहीतरी सांगतोय, एक शब्द कळत नाहीये!"

शेजारी उभी असलेली सुकेसी, गावाची 'इबू' म्हणजे बाई, शाळेत विज्ञान शिकवायची. ॲम्प्लिफायर तिनेच बांधला होता.

"बापाक, संचातून ॲम्प्लिफायरला दहाच वॅट द्यायचे. जास्त कोंबले की तो आजूबाजूच्या फ्रिक्वेन्सींवर घाण टाकतो. पोनिमान तिच्याखाली गाडला जातोय."

"इबू, प्रयोग शाळेत करा. आत्ता जोर हवाय." त्यांनी पुन्हा माइक दाबला.

ते बोलत असतानाच तिने हात पुढे केला. तीस. वीस. दहा. काटा थोडासाच उतरला; ट्रकांपर्यंतचा जोर जवळपास तेवढाच राहिला.

वारदोयोंनी तिचं मनगट पकडलं. "चाळीस जीव आहेत खाली!"

"म्हणूनच. बोलत राहा."

मनगट न सोडता ते बोलत राहिले. वाक्य संपलं.

"आला, पोनिमानचा आवाज आला!" रुमियातीचा आवाज फाटला होता. "वरच्या बंधाऱ्यावरून पाणी गेलंय. दगड घेऊन येतंय. तिसऱ्यांदा सांगतोय म्हणाला!"

वारदोयोंनी मनगट सोडलं. माइकही.

सुकेसीने तो उचलला. "पोनिमानने पाणी पाहिलं."

मग पात्रात एक हॉर्न वाजला. त्याच्या खाली दुसरा, तिसरा, वळणापलीकडे चौथा. एका ट्रकचा इशारा पुढचा ट्रक उचलत होता; हॉर्न नदीबरोबर खाली खाली सरकत गेले. आणि त्यांच्या मागे, डोंगराच्या बाजूने, दगडांची घरघर आता नुसत्या कानांनाही ऐकू येत होती.