संध्याकाळचं शून्य

“शून्य!” साक्षीने पुस्तक जमिनीवर आपटलं. “आप सुबह उरला गए, शाम को घर आए, तो विस्थापन शून्य. बस, इतना ही है. इसमें समझने का क्या है पप्पा?”

राग आला की साक्षीची मराठी संपते आणि गल्लीतली हिंदी सुरू होते. उद्या तिचा अकरावीच्या फिजिक्सचा सप्लीमेंट्री पेपर होता. त्यातही नापास झाली तर सायन्स सुटणार होतं. पोरगी काही ढ नव्हती. व्याख्या सगळ्या पोपटासारख्या पाठ होत्या, पण समोर गणित आलं की एकही कामाला यायची नाही.

तिचे वडील, देवीदास, दाराशी बसून उद्याचे बूट पुसत होते. सव्वीस वर्षं ते उरल्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात क्रेन चालवत होते. शिक्षण आठवी. पुरानी बस्तीतल्या घरून निघायचं, दिवसभर लोखंड उचलायचं आणि परत पुरानी बस्तीत यायचं.

“सव्वीस सालाचंबी शून्यच?” त्यांनी विचारलं.

“हाँ, तो? जहाँ से निकले, वहीं पहुँचे ना!”

ते हसले, पण त्यांना लागलं. पुसून झालेला बूट ते पुन्हा पुसत बसले. आत अंजनाचं, साक्षीच्या आईचं, पोळ्या लाटणं थांबलं.

साक्षीने चिडूनच पान उलटलं. “अब ये संवेग. वस्तुमान गुणिले वेग. धीरे चलने वाली भारी चीज़ में भी बहुत होता है, कहते हैं. कैसे? धीरे आ रही है तो कोई भी रोक लेगा!”

देवीदासांनी फडकं खाली ठेवलं.

“तुळशीरामलेबी असंच वाटलं होतं,” ते म्हणाले.

तुळशीरामकाका त्यांचे कामावरचे जोडीदार. पाच वर्षांपूर्वी गेले. कारखान्यात एक्सिडंट झाला, एवढंच साक्षीला माहीत होतं. त्यापुढचं या घरात कोणी बोलत नसे.

“माया क्रेनले दोन टनाचा लोड लटकून होता. म्या क्रेन थांबोली. पण लोड थांबते का? तो झुलत जाते. हळू जाऊन राहिला होता, पाळण्यावानी. तुळशीराम खाली उभा. त्याले वाटलं, हातानं थोपवू. मांगं भिंत होती.” त्यांनी फडकं पुन्हा उचललं. “म्या वरून लय ओरडलो, पोरी. त्याले ऐकूच नाई गेलं.”

साक्षीने वही ओढली. दोन हजार किलो. वेग धरला अर्धा मीटर, सेकंदाला. गुणाकार, हजार. तुळशीरामकाका असतील साठ किलोचे. तेवढाच संवेग अंगात यायला त्यांना सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर पळावं लागलं असतं. एवढं कोणी पळूच शकत नाही. आकडा तिने दोनदा तपासला. तो बरोबर होता, आणि तिला रडू येत होतं.

“मले हे तवाच समजलं होतं,” देवीदास म्हणाले. “त्याले संवेग म्हणतात, हे आज समजलं.”

पिठाच्या हातांनी अंजना दारात येऊन उभी राहिली.

“आन् तुयं ते शून्य,” ती म्हणाली, “त्या दिवशी शांताच्या घरी नाई आलं. तिचे मालक, तुळशीरामभाऊ, सकाळी निघाले, ते वापस पोहोचलेच नाई. तवापासून रोज सांजच्याला मी दारात उभी. काहून, समजलं आता?”

साक्षीला आजवर वाटायचं, आई भाजीवाल्याची वाट बघते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी देवीदासांची गाडी गल्लीत वळली, तेव्हा दारात दोघी उभ्या होत्या. दिवसभर क्रेनवर त्यांचा जीव त्या पेपरात अडकलेला. गाडी स्टँडवर लावायच्या आधीच त्यांनी विचारलं, “पेपर कसा गेला, पोट्टे?”

साक्षी हसत होती. आणि मराठीत बोलली.

“ते मंग, पप्पा. आधी उंबऱ्याच्या आत या. शून्य पूरं होऊ द्या.”