चव्वेचाळीस मिनिटे

सकाळी साडेसहा वाजता अंथुर्णे गावातल्या एका घरात बनाबाई भाकरीचे पीठ मळत होत्या आणि त्यांची नात संस्कृती मोबाइलवर नुकताच सापडलेला एक अल्बम ऐकत होती. त्यात ना शब्द होते, ना ताल. एकच सूर हळूहळू रंग बदलत लांबत होता.

“आबा, ऐका तरी! असलं संगीत मी पहिल्यांदाच ऐकतेय,” म्हणत तिने एक इअरफोन आजोबांच्या कानात घातला.

साखर कारखान्यात टर्बाइनशेजारी तीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालेले सर्जेराव ताडकन उठून उभे राहिले.

“हेच! अगं, हेच ते! खाली घरघर आन् वर बारीक शिट्टी. माझ्या कानात दिसभर हेच वाजतं! ह्या लोकांनी कुठनं धरलं हे?”

“झालं सुरू,” बनाबाई म्हणाल्या. “अवो, डॉक्टरनं कान तपासलं, काय बी न्हाय म्हणला. अकरा वर्षं निसता भास हुतोय तुमास्नी.”

“भास व्हय? मग घे, तूच ऐक!” त्यांनी इअरफोन पत्नीपुढे धरला.

पिठाचे हात पुसून बनाबाईंनी तो कानात घातला. मिनिटभरातच त्यांच्या कपाळावर आठी पडली.

“किती येळ चालतं हे?”

“चव्वेचाळीस मिनिटं,” संस्कृती म्हणाली. “बंद करू का, आजी?”

बनाबाईंनी नवऱ्याकडे पाहिले. नातीचा हात हळूच बाजूला सारून त्या नवऱ्याला खाली बसवून त्यांच्याशेजारी बसल्या आणि अल्बम संपेपर्यंत उठल्या नाहीत.